एका दिवसात तीन स्थळे : खरोसा, तेर आणि धाराशिव येथील धम्मसहलींची चिकित्सा

वर्षावास संपला, सुगीची कामे हातावेगळी झाली, की नांदेड व लातूर जिल्ह्यांतील विहारांतून धम्मसहली निघू लागतात. पहाटे नांदेडहून गाडी सुटते, लातूरला चहा होतो, औसा तालुक्यातील खरोशाची लेणी पाहून मंडळी पुन्हा लातूरमार्गे तेरला येतात आणि दिवस मावळण्यापूर्वी धाराशिवची लेणी गाठतात. बरोबर भाकरी, शेंगांची चटणी, मुले, म्हाताऱ्या आया आणि एक माहिती सांगणारा असतो. प्रत्येक ठिकाणी त्रिसरण-पंचशील घेतले जाते, माहिती सांगणारा दहा-पंधरा मिनिटे बोलतो, छायाचित्रे निघतात व गाडी पुढे जाते. या सहलींविषयी आमच्या मनात आदरच आहे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले गेले नाही, तो समाज स्वतःच्या इतिहासाच्या शोधात स्वखर्चाने, सहकुटुंब बाहेर पडतो, ही मराठवाड्याच्या सांस्कृतिक जीवनातील लहान घटना नव्हे. तथापि आदर असला म्हणजे चिकित्सा करू नये, असे धम्माने कोठे सांगितलेले नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय प्रवासाच्या सोयी-गैरसोयी हा नाही. त्या त्या स्थळी उभे राहून जे सांगितले जाते, ते आम्ही तपासू इच्छितो. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला मूळ पाठ आणि अट्ठकथा यांतील भेद पहिल्या वर्षीच शिकवला जातो. लेण्यातील दगड हा मूळ पाठ आहे आणि सहलीतील भाषण ही त्यावरची अट्ठकथा. अट्ठकथाकाराला मूळ पाठाचा अर्थ उलगडण्याचा अधिकार असतो, पाठात नसलेले शब्द त्यात घालण्याचा नसतो. या कसोटीवर आजच्या सहलींतील अट्ठकथा कितपत उतरते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आधी थोडे सहलीच्या कल्पनेविषयी. महापरिनिब्बान सुत्तात श्रद्धावान कुलपुत्राने पाहण्याजोगी चार स्थाने सांगितली आहेत : जन्माचे, संबोधीचे, धम्मचक्रप्रवर्तनाचे आणि महापरिनिर्वाणाचे. या स्थानांसाठी सुत्तात योजलेला ‘संवेजनीय’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. जे पाहून मन हलते, अनित्यतेची जाणीव होते, ते संवेजनीय. मालकीचा येथे संबंध नाही. कालिंगबोधि जातकाच्या प्रस्तावनेत आनंदाच्या प्रश्नावर चेतियांचे तीन प्रकार सांगितले आहेत : सारीरिक, पारिभोगिक आणि उद्देसिक. शरीरधातूंवर उभारलेले पहिले, बुद्धांच्या उपयोगात आलेल्या वस्तूचे दुसरे, आणि केवळ स्मरणासाठी योजलेले तिसरे. या तिसऱ्या प्रकाराला वस्तूचा आधार नसतो, तो मनाचा विषय आहे, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या मते मराठवाड्यातील स्थळांचा विचार करताना ही वर्गवारी फार उपयोगी पडते, आणि ती विसरल्यामुळेच बहुतेक गोंधळ होतात.

उदाहरण घरचेच घेऊ. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरी ब्राह्मणाची कथा आहे. कोसल देशातून तो दक्षिणापथात आला आणि अस्सक व अळक यांच्या सीमेवर गोदावरीच्या काठी राहिला. त्याने आपले सोळा शिष्य बुद्धांकडे पाठवले. ते पतिट्ठानहून माहिस्सति, उज्जेनी, वेदिसा, कोसंबी, साकेत, सावत्थी अशी मजल दरमजल करीत मगधातील पासाणक चेतियापर्यंत पोचले. अस्सकाची राजधानी पोतन म्हणजे आजच्या तेलंगणातील बोधन, हे मत ग्राह्य धरले, तर नांदेडचा प्रदेश अस्सकात किंवा त्याच्या अगदी शेजारी येतो. नांदेडजवळ दाभड येथे ‘बावरीनगर’ हे नाव देऊन महाविहार उभा राहिला, तो या कथेच्या आधारावर. हे उद्देसिक चेतियाचे उत्तम उदाहरण आहे. नाव स्मरणासाठी दिले आहे. बावरीचा आश्रम नेमका याच शेतात होता, असा पाठ सुत्तनिपातात नाही व तसा तो दाखवण्याची गरजही नाही. उद्देसिकाला पारिभोगिक म्हणू लागलो, की आपण आपल्याच परंपरेच्या व्याख्येबाहेर जातो.

बावरीच्या शिष्यांविषयी आणखी एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे वाटते. ते प्रश्न घेऊन निघाले होते. समोर बसलेली व्यक्ती खरोखर बुद्ध आहे की नाही, हे पारखण्यासाठी बावरीने त्यांना काही प्रश्न मनातच विचारावयास सांगितले होते. म्हणजे आमच्या गोदाकाठाहून निघालेली पहिली ज्ञात धम्मयात्रा ही परीक्षा घेणाऱ्यांची यात्रा होती. वृद्ध पिंगिय परतल्यावर बावरीला सांगतो की, शरीर थकल्याने आता आपण तेथवर जाऊ शकत नाही, पण मन रात्रंदिवस तेथेच असते. जे उपासक सहलीला येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी याहून मोठा दिलासा आम्हांस ठाऊक नाही.

आता खरोसा. येथील लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. अजिंठा-वेरूळच्या काळ्या पाषाणाची ज्यांना सवय आहे, त्यांचा येथे आल्यावर प्रथम थोडा विरसच होतो. जांभा मऊ, सच्छिद्र. त्यात बारीक कोरीव काम धरत नाही आणि जे धरते ते पावसापाण्याने झिजते. लेण्यांचा काळ साधारणतः इसवी सनाचे सहावे शतक व त्यानंतरचा मानला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात जेम्स बर्जेस याने निजामाच्या राज्यातील बिदर व औरंगाबाद जिल्ह्यांच्या पाहणीत यांची नोंद केली आणि ‘करुसा’ असे नाव लिहिले. नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण ही येथील शिल्पे प्रसिद्ध आहेत. येथील एका लेण्यातील आसनस्थ मूर्ती बुद्धांची म्हणून दाखवली जाते.

सहलीतील भाषण येथे ठराविक वळण घेते. सर्वच लेणी मूळची बौद्ध होती, नंतर ती बळकावली गेली, त्या एका मूर्तीवर हे सिद्ध होते, असा युक्तिवाद असतो. आमचा याला आक्षेप आहे, आणि तो दुहेरी आहे. पहिली बाब मूर्तीची. पद्मासन आणि मांडीवर ठेवलेले हात एवढ्यावरून बुद्ध ठरत नाहीत, कारण तीर्थंकरही तसेच बसतात. उष्णीष आहे काय, खांद्यावरून गेलेल्या संघाटीची कड दिसते काय, छातीवर श्रीवत्स आहे काय, मस्तकामागे नागफणा आहे काय, आसनावर धम्मचक्र व मृग आहेत की दुसरे लांछन, आणि चवरीधारी कोण आहेत, हे सारे पाहावे लागते. झिजलेल्या जांभ्यात यांपैकी पुष्कळ गोष्टी दिसतच नाहीत. जेथे पाठच पुसला गेला आहे, तेथे प्रामाणिक संपादक रिकामी जागा सोडतो व कंसात प्रश्नचिन्ह घालतो.

दुसरी बाब काळाची. सातव्या शतकात ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला, तेव्हा त्याने येथे शंभरावर संघाराम व सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचे लिहिले, आणि त्याच दमात सुमारे शंभर देवमंदिरे व नाना पंथांचे अनुयायीही नोंदवले. म्हणजे ज्या शतकांत खरोशाची छिन्नी चालत होती, त्या शतकांत एका डोंगरात दोन-तीन पंथांची लेणी असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. वेरूळला तर हे धडधडीत दिसते. तेव्हा शैव शिल्प दिसले की त्याखाली बौद्ध लेणे गाडले असले पाहिजे, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. बळकावल्याची उदाहरणे इतिहासात आहेतच. परंतु ती जेथे आहेत तेथे छिन्नीच्या खुणा, तासलेला स्तूप, बदललेले गर्भगृह, नंतर बसवलेली शाळुंका असा पुरावा मिळतो. असा पुरावा खरोशाला दाखवा, आम्ही तो प्रथम छापू.

खरोशाहून निघालेली गाडी तेरला पोचते तेव्हा बहुधा दुपारचे दोन वाजलेले असतात. मंडळी भुकेली असतात, मुले पेंगत असतात, आणि धाराशिवला दिवसाउजेडी पोचण्याची घाई असते. परिणामी या संपूर्ण मार्गावर बौद्ध इतिहासाच्या दृष्टीने जे सर्वांत महत्त्वाचे स्थळ, त्याच्या वाट्याला अर्धा तास येतो. आमची मुख्य तक्रार हीच आहे, आणि म्हणून तेरविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याची वाचकांनी मुभा द्यावी.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असल्याचे म्हटले आहे. तेथून साधे कापड, तलम मलमल आणि आसपासचा इतर माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई. टॉलेमीलाही हे नाव ठाऊक होते. पुढे शिलाहार राजे कोकणात व कोल्हापुरात राज्य करीत असतानाही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, एवढी या गावाची पुण्याई होती. हे तगर नेमके कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कोणी देवगिरी म्हणे, पंडित भगवानलाल इंद्रजी जुन्नर म्हणत. १९०१ साली फ्लीटने तेर हेच तगर असे प्रतिपादन केले, त्यानंतर हेन्री कझिन्सने येथील वास्तूंची पाहणी प्रसिद्ध केली, आणि वाद मिटला.

येथे एक छोटेसे विषयांतर. सहलींत आम्ही असे ऐकले आहे की, तेर हे नाव ‘थेर’ या पालि शब्दावरून आले, कारण येथे थेरांची वस्ती होती. ऐकायला गोड आहे. जपानी भाषेत देवालयांतही बौद्ध विहाराला ‘तेरा’ म्हणतात व तो शब्द ‘थेर’वरून आला असावा असे एक मत आहे, हे कळले तर आमचे हे मित्र अधिकच हर्षभरित होतील. (त्या जपानी शब्दाची व्युत्पत्ती जुन्या कोरियन शब्दाकडे नेणारेही विद्वान आहेत.) परंतु ध्वनिनियम कोणाच्या हर्षासाठी थांबत नाहीत. दोन स्वरांमधला ‘ग’ प्राकृतात लोपतो, म्हणून तगरचे तअर, तयर व पुढे तेर होते. हा प्रवास सरळ आहे. ‘थेर’चा आद्य ‘थ’ विनाकारण ‘त’ होत नाही, आणि ग्रीक लेखकाच्या कानावर पडलेल्या ‘ग’चे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. पालि भाषेचा उपयोग अशा शब्दसाम्याच्या खेळासाठी होऊ लागला, तर पालि शिकवणाऱ्यांनी तरी गप्प बसू नये.

तेरच्या बौद्धत्वाला या शब्दखेळाची गरजच नाही. येथे झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. येथे दगडाचा डोंगर नाही, तेरणा नदीच्या काठची काळी माती आहे. म्हणून येथल्या उपासकांनी लेणे कोरले नाही, विटा भाजल्या. लेणी टिकतात, विटा लोक काढून नेतात आणि घरे बांधतात. महाराष्ट्रातील बौद्ध धम्म म्हणजे डोंगरातील लेणी असे जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर आहे, ते टिकलेल्या साहित्यावरून तयार झालेले चित्र आहे. व्यापारी पेठेत, बाजाराच्या शेजारी, विणकरांच्या व मणी घडवणाऱ्यांच्या दानावर उभा राहिलेला नगरातला धम्म कसा असेल, याची कल्पना करायची असेल तर तेरसारखी जागा मराठवाड्यात दुसरी नाही. सहलीत मात्र स्तूपाच्या जागेकडे बहुतेक कोणी फिरकत नाही, कारण तेथे ‘पाहण्यासारखे’ काही उभे नाही.

जे उभे आहे ते त्रिविक्रमाचे मंदिर. याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार, वर गजपृष्ठाकार छत, बांधणी विटांची, आणि पुढे नंतरच्या काळातील सपाट छताचा मंडप आहे. आत त्रिविक्रमाची पाषाणमूर्ती आहे, पूजा चालू आहे. कार्ले-भाजे येथील चैत्यगृहे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना बाहेरून पाहताच ओळख पटते. लाकडात आणि विटांत बांधल्या जाणाऱ्या ज्या चैत्यगृहांची नक्कल लेण्यांत केली गेली, त्या बांधीव परंपरेचा हा जिवंत नमुना. कझिन्सने हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे मत दिले, आणि आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिराशी त्याचे साम्य आहे. पुढील ग्रंथांत हे मत बरेच रूढ झाले.

सहलीत हे मत निर्णय म्हणून सांगितले जाते. वस्तुतः ते मत आहे, आणि भक्कम असले तरी त्यावर आक्षेप घेता येतो. अर्धवर्तुळाकार विन्यास हा केवळ बौद्धांचा नव्हता. ऐहोळेचे दुर्ग मंदिर तशाच आकाराचे आहे आणि ते बौद्ध कधीच नव्हते. आंध्रातील गुडिमल्लमचे शिवालयही याच घडणीचे आहे. आकार हा एका काळातील गवंड्यांच्या सवयीचा भाग असतो, पंथाची मुद्रा असतोच असे नाही. आमचे स्वतःचे मत कझिन्सच्या बाजूला झुकते, त्याचे कारण केवळ आकार नाही. शेजारी निःसंशय स्तूप असलेल्या नगरात असे गृह असणे, आणि आतील अवकाशाची घडण प्रदक्षिणेला सोयीची असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्याने पारडे त्या बाजूला जाते. परंतु पारडे झुकणे वेगळे आणि तुला खाली टेकणे वेगळे. सहलीतील पंधरा वर्षांच्या मुलीला हा फरक समजतो. तिला तो सांगितला जात नाही, याचे आम्हांस दुःख आहे.

या संदर्भात जपानकडे पाहणे उद्बोधक ठरेल. तेथे नारा व आसपासच्या प्रदेशात असेच एका दिवसाचे प्रवासी येतात आणि सकाळी होर्यूजी, दुपारी तोदाइजी, संध्याकाळी कासुगा असा क्रम लावतात. बौद्ध विहार आणि शिंतो देवस्थाने तेथे शतकानुशतके एकमेकांत मिसळलेली होती. कोफुकुजी हा विहार आणि कासुगाचे देवस्थान ही तर जणू एकाच घराची दोन दालने होती. १८६८ मध्ये मेइजी सरकारने बुद्ध व कामी यांची फारकत करण्याचे हुकूम काढले. त्या लाटेत विहार बंद पडले, मूर्ती फोडल्या गेल्या, भिक्खूंना चीवर सोडावे लागले. कोफुकुजीचे भिक्खू कासुगाचे पुजारी झाले. साकुराइ गावाजवळच्या तोनोमिने डोंगरावरील म्योराकुजी हा विहार फुजिवारा कामातारी याचे देवस्थान झाला व त्याला आज तान्झान देवस्थान म्हणतात. पण त्याच्या आवारात १५३२ साली पुन्हा बांधलेला तेरा मजल्यांचा लाकडी पागोडा अजून उभा आहे. पागोडा म्हणजे स्तूपच. देवस्थानात स्तूप कसा, याचे उत्तर तेथे येणाऱ्या प्रवाशाला मिळते, त्या जागेचा पूर्वेतिहास लपवलेला नाही.

त्रिविक्रमाच्या मंदिराशी याची तुलना आम्ही मुद्दाम करीत आहोत. दोन्हीकडे जुन्या बौद्ध रूपात दुसरी उपासना वसली आहे, तेरबाबत हे संभाव्य, तान्झानबाबत निश्चित. तान्झानबाबत ते निश्चित का, तर तेथे लेखी कागद आहेत. तेरला कागद नाहीत, विटा आहेत. म्हणून आपली जबाबदारी अधिक आहे. जपानचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. १८६८ नंतरची तेथील मोडतोड राज्यसत्तेने उत्तेजित केलेली होती, आणि ‘हे शुद्ध आमचे, ते शुद्ध तुमचे’ या आग्रहातून ती उपजली होती, हेही विसरता येत नाही. जपानी बौद्धांना त्याची जबर किंमत द्यावी लागली. ७५२ मध्ये तोदाइजीच्या महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा मान ज्या बोधिसेनाला मिळाला, तो भारतातून गेलेला भिक्खू होता. त्या सोहळ्याच्या परंपरेतील अनेक मूर्तींवर अकराशे वर्षांनी घाव पडले, ते शुद्धीकरणाच्या नावाने. आपल्या सहलींतील भाषणांत कधी कधी तोच शुद्धीकरणाचा स्वर ऐकू येतो, तेव्हा आम्ही अस्वस्थ होतो.

तेर येथील शासकीय वस्तुसंग्रहालयाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी पांढरीच्या मातीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्या संग्रहावर हे संग्रहालय उभे आहे. मृण्मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, रोमशी असलेल्या व्यापाराची साक्ष देणाऱ्या वस्तू, आणि उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा येथे पाहावयास मिळते. पाँपेई येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेशी जिचे साम्य आहे, ती हस्तिदंती प्रतिमाही तेरचीच. आमच्या मते धम्मसहलीतील मुलांनी येथे किमान दोन तास घालवावेत. कारण तगरचे विणकर, सोनार, कुंभार, गाडीवान कसे जगत होते, हे येथे कळते, आणि संघाला दान देणारे हेच लोक होते. गोरा कुंभारांची समाधी याच गावात आहे. सातवाहनकाळात स्तूपासाठी विटा भाजणारे हात आणि विठ्ठलाच्या नामात माती तुडवणारे पाय यांच्यामध्ये काही धागा आहे काय, असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर त्याला गप्प करू नये. उत्तर देण्याची घाईही करू नये.

धाराशिवच्या लेण्यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे मूळ पाठ आणि अट्ठकथा यांतील अंतर तुलनेने कमी आहे. येथे सात लेणी आहेत. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सुमारे ऐंशी फूट लांब-रुंद मंडप, भोवती खोल्या, आणि मागे गर्भगृह, असा अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांचा स्पष्ट नमुना दिसतो. बर्जेसने ही लेणी जैनांची मानली. पुढील अभ्यासकांनी विन्यासाच्या आधारे ती पाचव्या-सहाव्या शतकात बौद्धांनी कोरली असावीत व नंतर जैनांकडे गेली, असे प्रतिपादन केले. आम्हांस हे पटते. मात्र सहलीतील वक्त्यांना एक दुवा अजिबात ठाऊक नसतो. कनकामर या जैन मुनीने अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ नावाचे काव्य लिहिले. हिरालाल जैन यांनी ते संपादित करून १९३४ मध्ये कारंजा येथून प्रसिद्ध केले. त्यात तेरापूरजवळच्या डोंगरातील जुन्या लेण्याची व पार्श्वनाथाच्या प्रतिमेची कथा आहे. राजा करकंड ते लेणे पाहतो, मूर्तीजवळची एक गाठ फोडवतो, पाणी उसळते, आणि मग तो नवे लेणे करवतो. म्हणजे जैन परंपरेलाही हे लेणे आपल्या राजापेक्षा जुने असल्याची आठवण होती. ते जुने लेणे कोणाचे, याचे तिचे उत्तर आपल्या उत्तराहून वेगळे आहे, एवढेच. प्रतिपक्षाचा ग्रंथ न वाचता वाद जिंकण्याची पद्धत कथावत्थूच्या कर्त्याला मान्य झाली नसती. त्याने प्रत्येक प्रश्नात आधी प्रतिपक्षाला पूर्ण बोलू दिले आहे.

तेथे जैन बांधव दर्शनाला येतात. आपली मंडळी मोठ्याने वंदना म्हणत आत शिरतात, ते नमस्कार करून बाजूला सरतात, किंवा उलट. आजवर कोठे वाद झाल्याचे आम्ही पाहिले नाही. ही समजूत मोडेल असे भाषण कोणी करू नये, अशी अपेक्षा आहे.

कोणी म्हणेल, एवढी काटेकोर चिकित्सा कशासाठी? गरीब माणसे वर्षातून एकदा बाहेर पडतात, त्यांना अभिमानाचे चार शब्द ऐकू द्यावेत. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. परंतु आपल्यासमोर बोधगयेचा प्रश्न उभा आहे. १९४९ च्या कायद्याने महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी अशी रचना केली. १९९२ पासून भदंत सुरई ससाई यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातील हजारो बौद्धांनी त्याविरुद्ध आंदोलन केले, आणि ती मागणी आजही जिवंत आहे. त्या मागणीमागे सुत्ते, शिलालेख, चिनी यात्रिकांची वर्णने, उत्खनने असा पुराव्याचा डोंगर आहे. महाबोधी हे पारिभोगिक चेतिय आहे, याबद्दल कोणाचाच वाद नाही. आता त्याच व्यासपीठावरून, त्याच आवाजात, खरोशाच्या झिजलेल्या मूर्तीवरून बारा लेण्यांचा दावा आणि ‘थेर’वरून गावाचा दावा केला, तर ऐकणारा तिन्ही दावे एकाच तागडीत घालतो. कमकुवत दावा आपल्या बळकट दाव्याचेच वजन घटवतो. विरोधकाला बोधगयेच्या शिलालेखांना उत्तर द्यावे लागत नाही, तो आपल्या व्युत्पत्तीवर हसून मोकळा होतो.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे पंढरपूरच्या मूर्तीविषयी आपले मत मांडले, ते सर्वश्रुत आहे. त्याच वेळी त्या विषयावर प्रबंध लिहून मत सिद्ध करण्याचा मनोदयही त्यांनी बोलून दाखवला होता. पहिले वाक्य सहलींत नेहमी सांगितले जाते, दुसरे क्वचित. कोलंबिया व लंडन येथे ज्यांनी प्रबंध लिहिले, त्यांना विधान आणि सिद्धी यांतील अंतर माहीत होते. ते काम करण्यास आयुष्य पुरले नाही. आता ते करावयाचे तर शिलालेख वाचता येणारी, मूर्तिशास्त्र शिकलेली, पालि-प्राकृत-अपभ्रंश जाणणारी मुले हवीत. नांदेडला १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, छत्रपती संभाजीनगरला पालिचे अध्यापन होते. सहलीच्या गाडीत बसलेल्या पन्नास जणांपैकी दोघे जरी तिकडे वळले, तरी पुढच्या पिढीला आमच्यासारख्यांचे लेख वाचावे लागणार नाहीत.

व्यवहारात काय करता येईल, याविषयी आमच्या काही सूचना आहेत. एका दिवसात तीन स्थळांचा हट्ट सोडावा. लातूर व नांदेडच्या विहारांनी एक वर्ष केवळ तेरची सहल काढावी : सकाळी संग्रहालय, दुपारी त्रिविक्रम मंदिर, उन्हे उतरल्यावर स्तूपाची जागा. मंदिरात गेल्यावर तेथील पूजेत व्यत्यय येऊ देऊ नये. बाहेरून प्रदक्षिणा घालून विटा, अर्धवर्तुळ व छताचा आकार वहीत काढून घ्यावा. मुलांनी काढलेले रेखाचित्र हे पंधरा मिनिटांच्या भाषणाहून अधिक काळ लक्षात राहते. खरोशाला जावयाचे तर एका लेण्यापुढे तासभर बसावे, आणि माहिती सांगणाऱ्याने प्रत्येक विधानापुढे ‘हे निश्चित’, ‘हे संभाव्य’, ‘हे केवळ ऐकीव’ असे म्हणण्याची सवय लावून घ्यावी. झिजलेल्या मूर्तींना तेल, शेंदूर वा रंग लावू नये, भिंतींवर नावे कोरू नयेत. संरक्षित स्मारकावर असे करणे गुन्हा आहे, हे मोठ्या माणसांनाही सांगावे लागते.

तेरच्या स्तूपाच्या जागेवर वंदना घ्यावयाची असल्यास ती संध्याकाळी घ्यावी. त्या वेळी तेथे गर्दी नसते, आणि नदीकडून वारा येतो.